'बघ ना, जमतंय का' : नवे ट्रकचालक, तास आणि कंपनी (अनुभव लिहा)

रातवा
काल रात्री भाच्याचा फोन आला. ट्रकवर लागून जेमतेम सात आठवडे झालेत त्याला. "मामा, माझे आजचे चालवायचे चाळीस मिनिटं उरलेत, पोचायला दीड तास लागेल, आणि डिस्पॅचर म्हणतोय, बघ ना, जमतंय का."

डिस्पॅचर म्हणजे कंपनीत बसून फोनवरून गाड्या हलवणारा. त्याचे ते चार शब्द ऐकले आणि पोटात तोच जुना गोळा आला. मी अमेरिकेत नऊ वर्षं अठराचाकी चालवली. सोडूनही बराच काळ झाला.

आमच्या वेळी कागदी लॉगबुक होतं, कधी चालवली, कधी झोपलो याची नोंदवही. दिवसाचे २४ तास, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, पट्टी धरून रेघ ओढायची. चालक आपसात त्याला 'कॉमिक बुक' म्हणायचे, त्यातलं निम्मं काल्पनिक म्हणून. नियम तेव्हाही आजचाच : गाडी ११ तास, तीही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत, मग १० तास सुट्टी. मेख अशी की गोदामात तिष्ठत बसलात म्हणून ते १४ तास थांबत नाहीत.

तिसऱ्याच महिन्यात एका ठिकाणी सहा तास रखडलो. माल सकाळी हवाच होता. फोनवर तेच चार शब्द. मी ते सहा तास झोपेच्या रकान्यात ढकलले आणि निघालो. पहाटे तीनच्या सुमारास कडेच्या खाचांवर चाकं गेली, अख्खी केबिन घर्रर्र करून हलली, तेव्हा जागा झालो. जागा झालो म्हणजे डोळे उघडेच होते हो, मीच नव्हतो तिथे. आरशात बघितलं तर ट्रेलर गुमान मागून येत होता.

माल वेळेवर पोचला. शाबासकी मिळाली. पुढच्या आठवड्यात त्याहून लांबची फेरी मिळाली.

भाच्याला काय सांगितलं ते सावकाश लिहितो. तुम्ही लिहा.

चक्रधर७७
त्या खाचांना आम्ही गजर म्हणतो. पण हसण्यासारखं नाही, बाप रे.

फोनवरून लिहितोय, गाडी भरायला लावलीय. मी कॅनडात. इथे १३ तास गाडी, १४ तास काम, आणि हे सगळं १६ तासांच्या आत. नवीन असताना मला वाटायचं, अमेरिकेपेक्षा दोन तास जास्त, चैन आहे. कसली चैन. दोन तास जास्त म्हणजे कंपनी दोन तास जास्तच मागणार.

माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे नकाशा सांगेल तो वेळ खरा धरणे. तो मोटारीचा वेळ. डिझेल, वजनकाटा, चढ, बर्फ, लघवी यातलं काही त्यात नसतं. आता सरळ किलोमीटरला ८० ने भागतो. येईल तो आकडा कंपनीला सांगतो. लवकर पोचलो तर कोणी रागावत नाही.

डावखुरा
अवांतर प्रश्न. त्या केबिनमध्ये झोपता कसे? पाय मावतात का?

चक्रधर७७
@डावखुरा पाय मावतात, झोप मावत नाही :) माल चढत असताना झोपलात तर फोर्कलिफ्ट आत शिरली की दरवेळी पलंगासकट हिसका बसतो. ५३ फुटी ट्रेलरमध्ये सरळ लावले तर २६ पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी). मी झोपेत मोजतो. सव्विसावा धक्का बसला की आपोआप उठून बूट घालतो.

रातवा
सव्विसावा धक्का!! काय आठवण काढलीत राव.

निशिगंधा_
मी चालवत नाही, नवरा चालवतो. पहिलं वर्षभर तो "पोचलो" असा मेसेज टाकायचा आणि मी निवांत व्हायचे. नंतर कळलं की "पोचलो"नंतर गाडी रिकामी व्हायला चार तास, आणि मग जागा नाही म्हणून तिथून हाकललं की पुन्हा रस्त्यावर. आता आमचा नियम आहे, "पोचलो" नको, "झोपतोय" टाक. काल "झोपतोय" रात्री पावणेदोनला आला. कुकर... नाही, दाराची बेल वाजली, येते.

पूर्वीची डिस्पॅचर
माझ्यावर सगळे तुटून पडणार, तरी लिहिते. पाच वर्षं मी फोनच्या पलीकडे होते. ते चार शब्द मीही वापरलेत. हुकूम द्यायचा नाही आणि काम तर व्हावं, यासाठीच ती वाक्यरचना असते. चालक अडकला तर "मी कुठे म्हटलं चालव म्हणून?" असं म्हणायची सोय राहते. अभिमानाने नाही सांगत.

आता आतली गोष्ट. तुमचे उरलेले तास आमच्या पडद्यावर दिसतात. डिसेंबर २०१७ पासून अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक लॉग सक्तीचा झाला, त्यामुळे लपवाछपवी दोन्हीकडून अवघड. पण एकेकीकडे तीस-चाळीस गाड्या असतात, तुमच्या घड्याळाकडे बघायला कोणाला वेळ आहे? नवे चालक शेवटच्या अर्ध्या तासात फोन करतात. तेव्हा माझ्या हातात काही नसतं, मग मी ढकलते. तीन तास आधी सांगितलंत तर दुसरी गाडी देता येते, गिऱ्हाइकाची वेळ बदलून घेता येते.

खडीसाखर
@पूर्वीची डिस्पॅचर प्रामाणिकपणाबद्दल मानलं. पण "मग मी ढकलते" हे फार सहज लिहिलंत ताई.

पूर्वीची डिस्पॅचर
सहज नव्हतं. म्हणून तर 'पूर्वीची'.

अर्धविराम
जर्मनी. इथे साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचंच. तोडून घ्यायचे तर आधी १५ मग ३०. उलट केलंत तर चालत नाही. मी पहिल्या महिन्यात आधी ३० आणि मग १५ घेतले, एकूण ४५ झाले म्हणून खुशीत. तपासणीत अडकलो. गाडीच्या यंत्रात घालायच्या चालकाच्या कार्डावर सगळं उमटतं, आणि आता मागच्या ५६ दिवसांचा हिशेब दाखवावा लागतो, पूर्वी २८ चा होता.

दिवसाला ९ तास, आठवड्यात दोनदा १० चालतात. माझा पहिला मालक सोमवार-मंगळवारीच ते दोन्ही दहा-दहा वापरून टाकायचा. गुरुवारी घाट लागला, वाहतूक तुंबली, की मी कंगाल. आता ते दोन तास मी शुक्रवारपर्यंत कंजुषासारखे जपतो. नव्या मुलांना एवढंच सांगेन, पहिल्या दिवशी उधळू नका.

मैलकुली
जळतो तुम्हा सगळ्यांवर. भारतात कायदा १९६१ पासून आहे. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तास झाले की अर्धा तास विश्रांती. मालकाला एकदा बोललो तर त्याने क्लीनरला हाक मारून सांगितलं, "ऐक रे, साहेब काय म्हणतात."

आमचं घड्याळ वेगळंच. ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. २०० किलोमीटरला एक दिवस मुदत (२०२१ च्या आधी १०० ला एक होता). मुदत संपत आली की फोन सुरू. वाढवता येते, संपायच्या आधीचे आठ आणि नंतरचे आठ तास असतात त्यासाठी, पण ती वाढवायला ऑफिसात कोणीतरी बसायला हवं ना. त्यापेक्षा ड्रायव्हरला जागवणं सोपं.

२०१८ पर्यंत नॅशनल परमिटला दोन ड्रायव्हरची अट होती. ती गेली. माझा जोडीदार पण गेला, दुसऱ्या गाडीवर. घोरायचा फार, पण त्याच्या घोरण्याने मी जागा राहायचो.

डावखुरा
@मैलकुली शेवटचं वाक्य वाचून हसू की रडू कळेना.

रात्रपाळी
ट्रकशी संबंध नाही, मी नर्स. पण "बघ ना, जमतंय का" आमच्याकडे "आजच्या दिवस डबल करशील का" असं असतं. बाकी सगळं तेच. आमच्या चुकीला चाकं नसतात एवढंच.

एक विचारायचं होतं, उघड्या डोळ्यांची झोप म्हणता ती कशी कळते? मला वाटतं मलाही येते.

चक्रधर७७
@रात्रपाळी मागचे दोन-तीन फाटे आठवून बघायचे. कुठला गेला ते आठवत नसेल तर झोपलेले आहात. काच खाली करणं, गाणी मोठ्याने, तोंडावर पाणी, याने दहा मिनिटंसुद्धा भागत नाही. थांबून वीस मिनिटं डोळे मिटणे, बस.

खडीसाखर
एक कोणी बोललं नाही. दर वेळी कंपनीच ढकलते असं नाही. मैलावर पगार असला की आपणच आपले डिस्पॅचर. गोदामात पाच तास गेले त्याचे पैसे बहुतेकदा नाहीत, मग ते रस्त्यावर वसूल करायला निघतो. मला कोणी काही म्हटलं नव्हतं हो. हप्ता होता. बाकी लिहीत नाही.

निशिगंधा_
@खडीसाखर :( लिहावंसं वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.
रातवा, भाच्याचं काय झालं ते सांगाल की नाही?

रातवा
सांगतो. आधी विचारलं, आत्ता उभी करायला जागा कुठे आहे? वीस मिनिटांवर एक थांबा होता. म्हटलं आधी तिथे जा, जागा भरायच्या आत. मग लिही. फोन नको, मेसेज. असा : "साडेआठला थांबलो. चालवायचे तास पुरत नाहीत. सकाळी साडेसहाला निघेन, पावणेआठपर्यंत पोचेन." माफी नाही, कारणं नाहीत, "सॉरी सर" तर नाहीच. पुढे कोणी ढकललंच तर म्हणायचं, हे लेखी पाठवा. अमेरिकेत २०१६ पासून तास मोडायला चालकाला भाग पाडण्याविरुद्ध वेगळा नियम आहे, ९० दिवसांत तक्रार करता येते, आणि तिथे असे लेखी मेसेज उपयोगी पडतात. पण बहुतेकदा लेखी म्हटलं की विषयच संपतो.

तो म्हणाला, "मामा, काढून टाकलं तर?" मी म्हटलं, टाकतील कदाचित. खोटं कशाला बोलू? पण परवाना तुझ्या नावावर आहे, कंपनीच्या नाही.

पाठवला त्याने मेसेज. चार मिनिटांनी उत्तर आलं. "ओके."

तासभर पोरगं थरथरत होतं या एका शब्दासाठी.

पूर्वीची डिस्पॅचर
मीही "ओके"च लिहायचे. तोवर पुढच्या गाडीचा फोन वाजत असायचा.

मैलकुली
मला पण एक मामा पाठवा.

चक्रधर७७
एकविसावा बसला. पाच राहिले. बूट शोधतो.