पाणी नसलेलं द्रावण: प्रथिनांच्या सिम्युलेशनवर किती भरवसा ठेवायचा?

टाकीवाला:
दिंडोरीकडे एका वायनरीत लॅब बघतो. व्हाइट वाइनमध्ये द्राक्षातली प्रथिनं राहिली की उन्हाळ्यात बाटली धुरकट होते. आमची तपासणी जुनीच. नमुना ८० अंशांवर दोन तास ठेवायचा, गार करायचा, टॉर्च मारायची. गढूळ दिसला तर बेंटोनाइट, म्हणजे प्रथिनं ओढून तळाला नेणारी माती, वाढवायचं. भाचा पीएचडी करतोय: प्रथिनं द्रावणात कशी फिरतात, एकमेकांना कशी चिकटतात, याचं सिम्युलेशन. दिवाळीत गंगापूर रोडला घरी आला, लॅपटॉप उघडला. नुसते रंगीत गोळे थरथरतायत. म्हटलं, पाणी कुठंय? तर म्हणे, ते दाखवत नाही, धरलेलं असतं! पाणीच काढलं तर द्रावण कसलं? टाकीच्या कामाचं यात काही नाही.

रँडम_धक्का:
काका, पाणी काढलेलं नाही. त्याचे धक्के रँडम आकडे म्हणून येतात, त्याचा दाटपणा घर्षण म्हणून. पाण्याचा रेणू न् रेणू धरला तर हिशेब साधारण २ फेमटोसेकंदांनी (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक) पुढे सरकतो. दोन प्रथिनं भेटेपर्यंत भाच्याची पीएचडी उरकेल. म्हणून १९७८ मध्ये अर्माक आणि मॅकॅमन यांनी ब्राउनियन डायनॅमिक्सची ही रीत मांडली. आणि तुमचं बेंटोनाइट कशावर चालतं? वाइनच्या आंबटपणात प्रथिनांवर धन भार, मातीवर ऋण. भारांची हीच ओढ तिथे मोजतात.

टाकीवाला:
भार मला शिकवू नका, तळाचा गाळ मीच उपसतो. चिकटण्याचा जोर किती, हे कोण ठरवतं? भाचाच म्हणाला, प्रयोगाशी जुळेपर्यंत आकडा फिरवतात. पाठीमागचं उत्तर बघून गणित आम्हीही सोडवायचो.

पंचवटीकर:
जीएफपी या चमकत्या प्रथिनाचा विसरण गुणांक, म्हणजे ते किती झपाट्यानं पसरतं त्याचं माप, पाण्यात सेकंदाला सुमारे ८७ चौरस मायक्रोमीटर, ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीत ७-८. आमच्या नाशकात रविवार कारंजा ते रामकुंड एरवी दहा मिनिटं, कुंभमेळ्याच्या पर्वणीला विचारू नका. पण दोष एकट्या गर्दीचा नाही, दर चार पावलांवर ओळखीचं कोणीतरी थांबवतं. २०१० मध्ये मॅकगफी आणि एलकॉक यांनी या पेशीच्या आतल्या भागाचं मॉडेल केलं. नुसते कडक गोळे घेतले तर जीएफपी फार जोरात पळत होतं. चिकटणं घातल्यावर जमलं. तो आकडाही जुळवलेला होता, तेवढं टाकीवाल्यांचं खरं.

रँडम_धक्का:
सगळीकडे तसं नसतं. बार्नेज आणि बारस्टार ही एकमेकांना चिकटणारी प्रथिनांची जोडी घ्या. द्रावणात मीठ वाढलं की भारांची ओढ झाकली जाते, जोडी जुळायला वेळ लागतो. लॅबमध्ये मोजलेली ही उतरण १९९७ च्या सिम्युलेशनमध्येही दिसली.

टाकीवाला:
वाइन म्हणजे मिठाचं पाणी नाही. अल्कोहोल आहे, टॅनिन आहे. वर ८० अंशांना प्रथिन उलगडतं. तुमचे गोळे उलगडतात का?

रँडम_धक्का:
नाही. या पद्धतीत ते सहसा ताठच धरतात. हा मुद्दा तुमचा. पण १५ अंशांच्या टाकीत, न उलगडलेलं प्रथिन मातीपर्यंत किती वेळात पोचेल, एवढं भाच्याला विचारून तर बघा.

टाकीवाला:
त्यासाठी आम्ही पंप फिरवतो. ते आपणहून पोचायची वाट कोण बघतंय!