होडीच्या मागच्या कप्प्यात पेट्रोलचा वास, जाता जात नाही. काय करावं?

खाडीवाला: देवबागला आमची १७ फुटी फायबर होडी आहे. मागे २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. २४ लिटरची प्लास्टिकची टाकी मागच्या बाकाखालच्या बंद कप्प्यात असते. पावसाळाभर होडी माडाखाली ताडपत्रीत गुंडाळलेली होती. टाकीत थोडं पेट्रोल राहिलं होतं, ही आमची चूक. परवा कप्पा उघडला तर डोळेच चुरचुरले. साबणाने दोनदा धुतला, वर फिनेलही टाकलं. दुपारी ऊन तापलं की वास परत येतो. आता नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, कप्प्यातली लाइफ जॅकेटंसुद्धा तशीच वास मारतायत. बाजारात वास शोषणाऱ्या पुड्या मिळतात, त्यातली कोणती चांगली? दहा दिवसांत होडी पाण्यात टाकायची आहे.

कर्लीकाठ: पुडी नंतर घे रे. आधी टाकी भायेर काढ. आणि बॅटरी खय असा ती सांग.

खाडीवाला: बॅटरी त्याच कप्प्यात, लाकडी फळीच्या पलीकडे. पाणी उपसायचा ऑटोमॅटिक पंपही तिथेच.

ग्रीसचे_हात: मग वास हा तुमचा लहान प्रश्न आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती झाकणाच्या फटीतून वर येऊन निघून जात नाही, तळाला पाण्यासारखी साचते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळली की एक ठिणगी पुरते. तळात थोडं पाणी साचलं की तुमचा पंप आपोआप चालू होणार, तोही तुम्ही घरी झोपलेले असताना.

लगेच बॅटरीची वायर काढायला धावू नका, वायर काढतानाही ठिणगी उडते. आधी सगळी झाकणं उघडा. होडी जमिनीवर आहे हे बरं आहे: नाळ थोडी उचलून ठेवा आणि मागचं तळाचं बूच काढा, जड वाफ तिथून खाली उतरेल. वारा असलेला दिवस बघून पाच-सहा तास तशीच राहू दे. त्यानंतर बॅटरी सोडा. घरातला टेबलफॅन किंवा व्हॅक्यूम क्लीनर कप्प्याला लावू नका, त्यांच्या मोटरमध्ये किंवा बटणात ठिणगी पडू शकते. आणि 'आता वास येत नाही' यावर विसंबू नका. नाक दहा मिनिटांत सरावतं. ज्याने दिवसभर पेट्रोल हाताळलेलं नाही अशा माणसाला हुंगायला सांगा.

मग गळती शोधा. टाकी, पाइप, मशीन उघड्यावर जोडा, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आणि हातपंपाचा रबरी फुगा दाबून कडक करा. प्रत्येक जोडाला पांढरा टिश्यू पेपर गुंडाळून अर्धा तास थांबा. टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं असल्यामुळे थेंबभर गळालं तरी कागदावर तेलकट डाग उमटतो.

लेक_मिशिगनकर: मी अमेरिकेत असतो, आमच्या बोटीचं इंजिन आत, बंद खणात आहे. इथे अशा पेट्रोल बोटींना ब्लोअर, म्हणजे खणातली हवा बाहेर ओढणारा पंखा, सक्तीचा, आणि स्विचजवळ पाटीच असते: इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवा. पाहुण्यांना ती चार मिनिटं फार लांब वाटतात. या ब्लोअरची मोटर ठिणगी बाहेर पडणार नाही अशी बनवलेली असते आणि त्याचा पाइप तळाशी नेलेला असतो. पाइप वर लोंबत ठेवला तर नुसती ताजी हवा फिरत राहते. तुमच्या सुट्या टाकीला मात्र मी ब्लोअर सुचवणार नाही. तिची जागा बंद कप्पा नाहीच.

खाडीवाला: बाहेर ठेवली तर पर्यटकांचे पाय लागतात. शिवाय ऊन.

कर्लीकाठ: पाय लागले तर लागूदेत. मागे कोपऱ्यात पट्ट्याने बांध, वर उभी फळी मार आणि सावलीक कापडाचा छप्पर कर. आम्ही तसाच करतो.

ग्रीसचे_हात: उन्हाचा मुद्दा खरा आहे. स्क्रू बंद ठेवला तर टाकी फुगते आणि दाब फटीतून पेट्रोल बाहेर ढकलतो. उघडा ठेवला तर वाफ निघत राहते. म्हणून तर तिला मोकळी हवा लागते. काठोकाठही भरू नका, दहावा भाग रिकामा सोडा. भरताना टाकी होडीत नको, जेटीवर उतरवून भरा.

खाडीवाला: चार दिवसांनी लिहितोय. सापडलं. फुग्याच्या खालच्या बाजूला, जी कधी डोळ्यांना दिसतच नाही, केसाएवढ्या भेगा आहेत. दाबला की त्यांतून घाम फुटल्यासारखं पेट्रोल येतं. मशीनकडच्या जोडाच्या कागदावरही निळसर डाग पडला, तिथलं ओ-रिंग (रबरी कडं) चपटं झालंय. आणि दोन कप्प्यांमधल्या भिंतीला वायरसाठी अंगठ्याएवढं भोक आहे. जॅकेटांना वास तिथूनच लागला.

ग्रीसचे_हात: पाइप, फुगा, दोन्ही टोकांचे जोड, सगळं एकदम बदला. मोटरसायकलच्या दुकानातला पाइप घेऊ नका, मशीनच्या डीलरकडे बोटीसाठीचाच मागा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात लवकर खराब होतं. वायरचं भोक सीलंटने बुजवा. तळात उरलेलं पेट्रोल फडक्याने टिपा. बूच काढून खाडीत सोडू नका, पंपाने तर नकोच.

लेक_मिशिगनकर: ती फडकी गोळा करून घरात टाकू नका. बाहेर मोकळ्यावर पसरून वाळू देत.

खाडीवाला: पाइप आला, ९०० रुपयांच्या आत. टाकी बाहेर बांधली, वर जुन्या शिडाचं कापड. कप्पा तीन दिवस उघडा ठेवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, आता फक्त फिनेलचा वास येतो. तो कसा घालवायचा ते कोणाला माहीत असेल तर सांगा. बायको म्हणते, याच्यापेक्षा पेट्रोल बरं होतं.