विंडरमियरला आई-बाबांना घेऊन जायचंय, मुक्काम कुठे करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आई-बाबा नाशिकहून आलेत आणि जूनमध्ये तीन दिवस इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टला (तळ्या-डोंगरांचा भाग) जायचा बेत आहे. गाडी नाही, त्यामुळे बर्मिंगहॅमहून रेल्वेने, ऑक्सनहोमला बदलून.

मागच्या वेळी मी एकटा गेलो तेव्हा फसलो होतो. विंडरमियर स्टेशनवर उतरलो की समोर तळं, असं वाटलेलं. तळं कुठलं! तळ्याकाठच्या बोनेस गावातल्या बोटीच्या धक्क्यापर्यंत अडीचेक किलोमीटर उतार, आणि परतताना तोच चढ, वर पाऊस. आईचे गुडघे दुखतात, तिला हे झेपणार नाही.

मग बोनेसलाच राहू की तळ्याच्या उत्तर टोकाच्या अँबलसाइड गावाला? बोनेसला बोट दारात, पण गर्दी आपल्या महाबळेश्वरच्या वेण्णा लेकसारखी. अँबलसाइडचा धक्का पुन्हा गावापासून लांब, वॉटरहेडला. ग्रासमियरला जाणाऱ्या ५९९ बसच्या उघड्या मजल्यावर बाबांना बसवायचंच आहे. ती जूनमध्ये किती भरलेली असते? आणि तळ्याच्या दक्षिण टोकाच्या लेकसाइडपर्यंत बोट, पुढे हॅवरथवेटची वाफेची गाडी, हे एका दिवसात निवांत होतं का?

शाकाहारी जेवण कुठे बरं मिळतं तेही सांगा. थेपले नेणारच आहोत म्हणा.