रंगपंचमीला पोराला घेऊन रहाड बघायला जावं का?

वऱ्हाडातून_नाशकात:
आम्ही मूळचे नागपूरचे, आता नाशिकला इंदिरानगरात राहतो. आमच्याकडे रंग म्हणजे धुळवडीलाच, इथे त्या दिवशी सगळा शुकशुकाट आणि पाच दिवसांनी गाव पेटतं म्हणे. ऑफिसात सगळे रहाड रहाड करतात पण नीट कोणी सांगत नाही. मुलगा सात वर्षांचा आहे, नेलं तर चालेल का? आणि सासूबाईंना गाण्याची खूप आवड, गुडघ्यांमुळे गर्दीत येणार नाहीत, त्यांच्यासाठी काही असेल तर तेही सांगा.

तिवंध्याचा_पोरगा:
ताई, रहाड म्हणजे रस्त्याखालचा दगडी हौद, पेशव्यांच्या काळातला, चांगला दोन माणसं खोल. वर्षभर त्याच्यावर लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून रिक्षा जातात, नवीन माणसाला पत्ताच लागत नाही. रंगपंचमीच्या आधी उकरायचा, साफ करायचा, पाणी भरायचं आणि फुलं उकळून केलेला रंग त्यात ओतायचा. मानकऱ्यांच्या घरची पूजा झाली की उड्या सुरू. रंगही ठरलेले, आमच्या तिवंधा चौकाचा पिवळा, शनी चौकाचा गुलाबी, दिल्ली दरवाजाचा केशरी, त्यामुळे दुसऱ्या दिवशी माणूस कुठे बुडून आला ते कानामागे बघून कळतं 😄 उडीला आम्ही धप्पा म्हणतो. वरून एकाने धप्पा मारला की काठावरचे पंचवीस जण ओले. पोराला आणा, पण काठाला नको, एखाद्या ओळखीच्या घराच्या ओट्यावरून दाखवा. खाली धक्काबुक्की असते आणि आत पडलेल्याच्या अंगावर दुसरा पडतो, हे खोटं नाही.

गोदाकाठ७२:
वरचं सगळं बरोबर, फक्त आता रहाडीपेक्षा डीजे जास्त झालेत हे पण सांगा की. ज्या गावाच्या ढोलाला अख्खा महाराष्ट्र नाशिक ढोल म्हणतो तिथे स्पीकरच्या भिंती लावायच्या म्हणजे कमाल आहे. शॉवर लावून नाचायचं तर कॉलेज रोडलाच नाचा ना.

तिवंध्याचा_पोरगा:
काका डीजे चौकात असतो, रहाडीवर नाही. दरवर्षी हेच भांडण 🙏

पंचवटीतली_मावशी:
अगं, लहान मूल असेल तर रंगपंचमीपेक्षा धुळवडीलाच गावात ये. शुकशुकाट तुमच्या इंदिरानगरात गं, आमच्याकडे त्या दिवशी वीर निघतात. देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक, म्हणजे धातूच्या छोट्या प्रतिमा, घेऊन लोक वाजतगाजत रामकुंडावर येतात, टाकांना आंघोळ घालतात आणि नाचवत घरी नेतात. लहान पोरांना राम, कृष्ण, मावळा असं नटवतात, कुणाची मिशी रामकुंडापर्यंत येईस्तोवर गालावर उतरलेली असते. तुझ्या पोराला फेटा बांधून आण, कोणी काही म्हणणार नाही. आणि दाजीबा वीर चुकवू नको, बाशिंग बांधलेला, दागिने घातलेला, त्याला बाशिंगे वीरच म्हणतात. हळद लागलेला नवरदेव लग्नाआधीच गेला अशी गोष्ट आहे, बायका दारात ओवाळायला थांबतात. मिरवणूक हळू चालते, रात्र होते, पोराला आधी खाऊ घालून आण.
सासूबाईंसाठी दिवाळी पाडव्याची पहाट. नेहरू चौकात पिंपळपारावर शास्त्रीय गाणं असतं, अंधारातच लोक जागा धरतात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीचं आधी बघून ठेव. आणि मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला, ती गाण्याची नाही पण संध्याकाळी गोदेचा वारा फुकट 😊

गोदाकाठ७२:
गाण्याचं म्हणाल तर विष्णु दिगंबर पलुस्करांनी उतारवयात इथेच मुक्काम ठोकला होता, पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला. हल्ली चांगल्या मैफली बऱ्याचदा कालिदास कलामंदिर नाट्यगृहात होतात, तिथे खुर्च्या आहेत, सासूबाईंना तेच सोयीचं.

वऱ्हाडातून_नाशकात:
मावशी, धुळवड पक्की, फेट्याचं कापड आजच काढते. मिस्टर मात्र आत्तापासून धप्पा धप्पा करत घरभर फिरतायत, त्यांना काय सांगू?

तिवंध्याचा_पोरगा:
जुने कपडे, चप्पल घरीच, मोबाईल तुमच्याकडे. दुपारनंतर या म्हणावं, पूजेआधी कोणी आत उतरत नाही. गाडी शालिमारलाच लावा, पुढे घुसवली तर रात्रीपर्यंत निघणार नाही. आणि पुढचे चार-पाच दिवस ऑफिसात महत्त्वाची मीटिंग ठेवू नका, फुलांचा रंग साबणाला भीक घालत नाही.