गावाकडं एमएमएचा (गुद्दे, लाथा अन् कुस्तीची पकड सगळं चालते त्या लढतीचा) शो घ्याचा म्हणतेत पोट्टे, युएफसी या अमेरिकन कंपनीनं हे कसं जमवलं? कोणी नीट समजावून सांगा

काळ्या_मातीतला:
राम राम मंडळी. मी दर्यापूर साईडचा. आमच्या गावात आखाडा अजून टिकून हाय, नागपंचमी ते पोळा आम दंगल होते, डफडं वाजते, पंच तिथल्या तिथं जोड पाहून कुस्ती लावतेत, दोनशे-पाचशेपासून इनाम सुरू होते. आता चार-पाच पोट्टे अमरावतीले एमएमए शिकाले जातेत आन् रात्री मोबाईलवर युएफसी पाहतेत, त्यायच्या डोक्यात भरलं की कापूस निघाल्यावर बाजार समितीच्या मैदानात पिंजरा ठोकू, शंभर रुपये तिकीट ठेवू. एक ठेकेदार पैसा टाकाले तयार हाय. माह्या मनात हाय की व्हावं, पण अशी कंपनी उभी कशी राहते, चालते कशी, पैसा येते कुठून, हे माहीत असल्याशिवाय मी हो म्हणणार नाई. "आपल्याइकडं जमत नाई भाऊ" एवढंच लिहाचं असन तं नका लिहू, कारण सांगा.

रात्रपाळीवाला:
भाऊ, युएफसीचा पहिला शो झाला १२ नोव्हेंबर १९९३ ले अमेरिकेतल्या डेन्वरमंदी. आठ जण, एकाच रात्री टूर्नामेंट, वजनाचे गट नाई, गुण द्याले जज नाई, आन् जिंकला कोण तं सगळ्यात किरकोळ दिसणाऱ्यायपैकी एक, रॉयस ग्रेसी, ऐंशी किलोच्या आसपासचा माणूस, तिघायले धरून हार मानाले लावली. ५० हजार डॉलर बक्षीस होतं. लोकायनं टीव्हीवर पैसे भरून पाहिलं, पण कंपनीनं जाहिरात केली "नियमच नाई" अशी आन् तेच अंगावर आलं. जॉन मॅकेन नावाच्या सिनेटरनं याले माणसायची कोंबडझुंज म्हटलं, राज्याराज्यात बंदी आली, केबलवाल्यायनं दाखवणं बंद केलं. दुकान बंद व्हायची पाळी आली.

वाचलं ते नियमानं वाचलं. वजनाचे गट आणले, ग्लोव्हज सक्तीचे केले, डोक्यानं धडक मारणं, केस ओढणं बंद केलं. २००० मंदी न्यू जर्सीच्या सरकारी कमिशनसंग मिळून एकसारखे नियम ठरले: ५ मिनिटांचे ३ राउंड, चॅम्पियनपदाच्या लढतीले ५, तीन जज. मंग २००१ च्या जानेवारीत लास वेगासच्या कॅसिनोवाल्या फर्टिटा बंधूंनी २० लाख डॉलरमंदी सगळी कंपनी घेतली, डेना व्हाइटले प्रेसिडेंट केलं, नेवाडा राज्याची परवानगी मिळाली. तरी पैसा बुडतच होता बरं, तीन कोटी डॉलरच्या वर खड्डा पडला होता. २००५ ले स्वतःच्या खिशातून टीव्हीवर एक रिअॅलिटी शो काढला, त्यात पोट्टे एका घरात राहून एकमेकायसंग लढत. त्याच्या फायनलले फॉरेस्ट ग्रिफिन आन् स्टीफन बॉनर अशे लढले की चॅनेलवाले कराराले तयार झाले. तिथून गाडी वर चढली. २०१६ ले तीच कंपनी ४०० कोटी डॉलरच्या आसपास विकली गेली. म्हणजे सोन्याचा भाव यायच्या आधी एक तप तोटा अन् बंदी खाल्ली, हे ठेकेदाराले आधी सांगा.

अकोटची_आई:
मी फिजिओथेरपिस्ट हाय, दोन-तीन ठिकाणच्या शोले टेबलवर बसले हाय, म्हणून चालवण्याबद्दल मी सांगते. लोकायले पिंजरा दिसते, पण पिंजरा भाड्यानं मिळते, तो सगळ्यात सोपा भाग. खरं काम आधीच्या दोन महिन्यात असते. जोडी लावणारा माणूस, त्याले मॅचमेकर म्हणतेत, तो दोघायचा अनुभव, वजन, आधीच्या लढती पाहून जोडी ठरवते, आन् ऐनवेळी एकाले ताप आला तं दुसरा कोण हे पण त्याच्या डायरीत पाहिजे. रक्ताची तपासणी लागते, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी अन् सी, कारण पिंजऱ्यात रक्त लागते एकमेकायले. वजन आदल्या दिवशी. लढतीआधी हाताले पट्ट्या बांधतेत ना, त्या अधिकाऱ्यासमोर बांधतेत आन् तो त्यावर पेनानं सही करते, मंग ग्लोव्हज चढवून टेप मारून परत सही, म्हणजे आत काही कडक घातलं नाई याची खात्री. ग्लोव्ह चार औंसाचे, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आत, त्यातून गुद्दा पूर्ण लागते. नॉकआउट झाला तं त्या पोराले महिना-दोन महिने परत लढू द्यायचं नाई, मंग तो कितीही म्हणो का मी फिट हाय.

दादा, तुमच्याइथं सिटी स्कॅन कुठं होते? आमच्याइथं रात्री अकोलाच गाठावं लागते. पिंजऱ्याजवळ डॉक्टर अन् चालू इंजिनची ॲम्ब्युलन्स नसन तं मी त्या शोले जाणार नाई आन् कोणाच्या पोराले जाऊ देणार नाई. यात तडजोड नाई माह्याकडून.

लाल_लंगोट:
ताई म्हणतेत ते शंभर टक्के. मी एका शहरात लढलो होतो, नाव घेत नाई, समोरचा माह्यापेक्षा आठेक किलो जास्त, वजन काटा होता पण कोणी लिहून घेत नव्हतं, डॉक्टर म्हणून एक जण खुर्चीवर होता तो दुसऱ्या लढतीनंतर निघून गेला. ठरलेले पैसे अर्धे भेटले, बाकी आज-उद्या. आखाड्यात निदान इनाम तिथंच हातात देतेत, गुलाल लावून. म्हणून सांगतो, पैसे लेखी ठरवा, आन् लढणाऱ्याच्या हातात कागद द्या.

काळ्या_मातीतला:
ताई, सिटी स्कॅन अमरावतीलेच, पाऊण-एक तास धरा. लाल लंगोट भाऊ, लय वाईट वाटलं वाचून. रात्रपाळीवाला दादा, लढणाऱ्यायले किती भेटते हे सांगा ना, ठेकेदार म्हणते का मोठ्या कंपनीत सगळेच करोडपती.

रात्रपाळीवाला:
सगळे नाई भाऊ. बऱ्याच काळ नवख्याचा करार असा असे: उतरला म्हणून १२ हजार डॉलर, जिंकला तं आणखी १२. त्यातून कोच, मॅनेजर, टॅक्स. पगारी नोकर नाई, कंत्राटी, आन् दुसऱ्या कंपनीत लढता येत नाई. २०१५ मंदी कंपनीनं सगळ्यायले एकाच ब्रँडचे कपडे लावले, तेव्हापासून चड्डीवरच्या जाहिरातीचा स्वतःचा पैसा पण गेला. जुन्या लढवय्यायनं कोर्टात दावा टाकला, साडेसदतीस कोटी डॉलरचा समझोता २०२५ मंदी मंजूर झाला. आन् त्याच वर्षी कंपनीनं पॅरामाउंट या टीव्हीवाल्या कंपनीसंग ७ वर्षांचा ७७० कोटी डॉलरचा करार केला. पैसा तिकिटात नाई, प्रक्षेपणात हाय, आन् तो वरच अडकते. हे मले आवडत नाई, मी उघड म्हणतो.

आपल्या देशात पण पाहा. सुपर फाइट लीग २०१२ ले मुंबईत मोठ्या थाटात निघाली, संजय दत्त अन् राज कुंद्रा मागं होते, २०१७ ले टीम करून लीग पण खेळवली, पण टिकून राहाले चमक पुरली नाई. त्यातूनच भारत खंडारे पुढं आला, २०१७ च्या नोव्हेंबरमंदी शांघायले युएफसीत उतरला, हरला, पण उतरला. पूजा तोमर २०२४ मंदी युएफसीत जिंकली, भारताची पहिली बाई. म्हणजे पोट्टे तिथवर पोचतेत, आपल्या मातीतली पकड तिथं लय कामाची.

अकोटची_आई:
मंग दादा, पहिल्या वर्षी गुद्दे ठेवूच नका. मॅटवर फक्त पकड अन् आवळण, वजन गटानं, अठराच्या वरचेच, तिकीट नका ठेवू, पोलीस स्टेशनची परवानगी अन् विमा काढा. पोट्ट्यायले वजन काट्यावर उभं राहण्याची, पंचाचं ऐकण्याची, समोरच्यानं टॅप केल्याबरोबर, म्हणजे हार मानून हातानं थापटल्याबरोबर, सोडण्याची सवय लागू द्या. सोडणं हे सगळ्यात महत्त्वाचं, मी खांदे निखळलेले पाहिले हाय.

काळ्या_मातीतला:
ठेकेदाराले हे सगळं वाचून दाखवलं. पिंजऱ्याचा पैसा तो मॅट अन् ॲम्ब्युलन्सले द्याले तयार झाला, पण म्हणते बॅनरवर माह्या फोटो मोठा पाहिजे. मोठा लावू म्हटलं. ताई, रक्ततपासणी आन् फिटनेसचा फॉर्म तुमच्याकडं असन तं इथंच टाका, आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरले सोमवारी दाखवतो.