नेपोलियनची सत्ता कुणाच्या जोरावर? कुत्र्यांच्या की स्क्वीलरच्या?

कोकणकडा: जोन्स या मालकाला हाकलून प्राणीच शेत चालवतात आणि मग डुकरं सत्ता बळकावतात, त्या ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म' कादंबरीवर (१९४५) बोलताना सगळे भिंतीवरच्या सात आज्ञा आणि त्या गुपचूप बदलणारा, सत्तेची बाजू पटवणारा डुक्कर स्क्वीलर यांवरच घसरतात. मला विचाराल तर नेपोलियन या म्होरक्या डुकराने कुत्र्यांची नऊ पिल्लं आयांपासून तोडून माळ्यावर वाढवली तिथेच निकाल लागला होता. पवनचक्कीच्या वादात त्याचा प्रतिस्पर्धी डुक्कर स्नोबॉल जिंकत आला होता. कुत्र्यांनी त्याला कुंपणापार पिटाळलं. स्क्वीलर नंतर सारवासारव करायला.

अर्धा कप: साफ अमान्य. अंगावर आलेल्या कुत्र्याला बॉक्सर घोड्याने एका खुराखाली दाबलं, बाकीची दोन शेपूट घालून पळाली. आणि मग 'चिरडू की सोडू' म्हणून त्याने पाहिलं कुणाकडे? नेपोलियनकडे! हे भीतीने होत नाही, राव. 'नेपोलियनचं कधी चुकत नाही' हे डोक्यात भरलेलं होतं म्हणून झालं.

कोकणकडा: बॉक्सर एकटाच. बाकीच्यांचं काय? स्क्वीलर 'डावपेच, डावपेच' म्हणत बागडतो, तेव्हा सोबतची तीन कुत्री गुरगुरत असतात. ऑर्वेलने दोन्ही एकाच वाक्यात घातलंय, पुन्हा वाचा.

बोरकूट: कोठीची किल्ली दोघंही विसरलात. आठवड्याला ४०० अंडी विकायचं ठरलं तेव्हा कोंबड्या आढ्यावर चढल्या, तिथून अंडी खाली फोडली. अख्ख्या पुस्तकात डुकरांविरुद्ध बंड म्हणावं असं हेच. मोडलं कसं? दाणा बंद करून. पाच दिवसांत नऊ मेल्या.

कोकणकडा: आणि चोरून दाणा देणाऱ्याला मृत्युदंड होता. पहारा कुणाचा? कुत्र्यांचाच!

बोरकूट: पहारा नंतर. आधी दूध आणि सफरचंदं डुकरांनी स्वतःकडे ठेवली, तेव्हा कुत्री म्हणजे माळ्यावरची लहान पिल्लंच होती. कथेचा कलाटणीबिंदू तोच, असं ऑर्वेलने स्वतः पत्रात लिहिलंय.

अर्धा कप: मग तो माल पचला कसा? 'आम्ही अशक्त झालो तर जोन्स परत येईल' हे स्क्वीलरने पटवलं म्हणून. तुमचं उदाहरण माझ्या खात्यात जमा.

माठ: मला वाटतं डुक्करच वाईट निघालं. फेबर या प्रकाशनसंस्थेतर्फे पुस्तक नाकारताना कवी टी. एस. एलियटनेही जनहिताची कळकळ असलेली डुकरं हवीत असंच काहीसं लिहिलं होतं. स्नोबॉल राहता तर?

बोरकूट: माठसाहेब, दूध-सफरचंदांच्या बाबतीत सगळ्या डुकरांचं एकमत होतं. स्नोबॉलसकट.