मंगळावर वस्ती, वसाहत की पांढरी?

आठवीच्या मुलांना मंगळावर निबंध दिला होता. एका मुलीनं लिहिलंय, ‘मंगळावर पांढरी कधी बसंल?’ पुस्तकात शब्द ‘वसाहत’ आहे. तिचं वाक्य दुरुस्त करावं का? परभणी-हिंगोलीकडच्या जाणकारांनी सांगावं.

—

सर, खोडू नका. आपल्याकडं काळी, म्हणजे शेतजमीन, पिकते आणि पांढरीत, म्हणजे गावठाणात, माणूस राहतो. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून पांढरी होते. ‘वसाहत’ एका सरकारी हुकमानं होते, पांढरी होत नाही. मुलीनं फार मोठा प्रश्न विचारलाय.

अडचण एवढीच, की काळीशिवाय पांढरी बसत नाही. मंगळाची मातीही आपल्या रेगडासारखी बेसॉल्ट खडकापासूनचीच, पण तिच्यात कुजलेला पालापाचोळा नाही. वर 2008 मध्ये फिनिक्स यानाला तिच्यात परक्लोरेट नावाचा क्षार सापडला. तो थायरॉइडला बाधतो, म्हणजे माती धुतल्याशिवाय मेथीसुद्धा लावता येणार नाही.

—

मी ‘वस्ती’ म्हणेन. रात्री शेवटची एसटी गावात वस्तीला येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात, पहाटे गाडी परत जाते. त्यांना कुणी गावकरी म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात नोव्हेंबर 2000 पासून एक दिवसही माणूस नाही असं झालेलं नाही, तरी सगळे पाळीपाळीनं वस्तीलाच. मंगळाकडं निघायची सोयीची वेळ सुमारे 26 महिन्यांनी येते, त्यामुळं तिथली वस्ती लांबेल. पण परतीची गाडी ठरलेली असेल तोवर शब्द हाच.

—

ताई, राखेचा मुद्दा मनात घोळतोय. तिथल्या विरळ हवेत सुमारे 95 टक्के कार्बन डायऑक्साइड, चूल पेटणार कशी? मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्रानं 2021 ते 2023 मध्ये त्याच हवेतून सगळा मिळून 122 ग्रॅम ऑक्सिजन काढला. एका माणसाला दिवसाला साधारण 840 ग्रॅम लागतो. इतक्या कष्टाचा प्राणवायू जाळात कोण घालील? मग राख नाही, आणि पांढरीला पांढरं करणार काय?

—

सर, रंगावर जाऊ नका. आमच्या गावची पांढरी तरी कुठं पांढरी आहे, करडीच आहे. माणूस राहून राहून माती बदलते, हा त्या शब्दाचा जीव. तिथं जन्मलेलं लेकरू 38 टक्के गुरुत्वाकर्षणात वाढून म्हातारं झालं, आणि घरातलं खरकटं, मैला सगळं मुरवून तिथल्या तांबड्या मातीत कस आला, तर मी तिला पांढरीच म्हणेन.

—

वाक्य तसंच ठेवलं. शब्द तिच्या आजीचा निघाला. उद्या मुलांना आपापल्या गावच्या पांढरीची ओंजळभर माती आणायला सांगितलीय.